जामसरएवढीच दिल्ली

दाभोशाच्या हिराबाईला देवाने दोन गोष्टी सढळ हाताने दिल्या होत्या: पाय आणि तोंड. थोरली काशी तिने जामसरला दिली ती एवढ्याचसाठी, की सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला लेकीच्या चुलीपाशी बसता यावं. आणि ती बसायचीच, दर आठवड्याला. भात कच्चा का, जावई निजलेला का, सासू कुरकुरते कशाला, सगळ्याची झाडाझडती घेऊनच परतायची. एकदा काशीच्या सासूने दार आतून लावून घेतलं, तर ही बाई पडवीत बसून बाहेरूनच बोलत राहिली.

धाकट्या पारूला मागणी आली ती मात्र दिल्लीहून.

मुलगा साखरशेतचा, जिव्या. संस्थान विलीन झालं तेव्हा दरबारचं सामान मोजायला कोणी साहेब जव्हारला आला होता. त्याला जिव्याच्या हातचं कोंबडीचं कालवण इतकं आवडलं, की जाताना त्याने जिव्यालाच दिल्लीला उचललं. आता चार वर्षांनी हा पठ्ठ्या बूट घालून, चुलत्याला पुढे करून हिराबाईच्या अंगणात बसला होता.

"दिल्ली लय लांब," हिराबाईने एका दमात निकाल लावला. "मी चालत जाईन तिथंच पोर देनार."

"कुठली लांब, मावशी?" जिव्या ऐटीत म्हणाला. "सातशे मैल म्हनतात, पन विमानाला काय त्याचं? मी सोता बसलोय. सकाळी मुंबैला चा पिऊन बसलो, दुपारचं जेवन दिल्लीत."

हिराबाईला मैलाशी काही देणंघेणं नव्हतं. जेवायला पोचतो ना, मग ते गाव जवळचं.

"म्हंजे जामसरएवढीच की!" ती खूश झाली. "आन वर चढनबी नाय. मंग ठरलं. मी दर आठवड्याला येत जाईन."

जिव्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने घाईघाईने दिल्ली लांब न्यायला सुरुवात केली. आधी जव्हारपर्यंत चालायचं, मग मोटार, पावसात घाट बंद, मग मुंबई, तिथून आगगाडीत दोन रात्री. आणि विमान? ते साहेबलोकांचं. तो बसला होता एकदाच, तेही साहेबाच्या कुत्र्याला धरायला माणूस हवा होता म्हणून. चुलत्याने कपाळावर हात मारला.

"मंग नाय देत," हिराबाई उठलीच. "कुत्रा धरून उडनारा जावई नको मला."

"मला जायचंय," दारातून पारू म्हणाली.

"येवढ्या लांब?"

"लांब हाय म्हनूनच. काशीचा संसार तूच करतेस, आये. माझा मला करू दे."

हिराबाईला ते लागलं. फार लागलं. पोरीला दोन शिव्या हासडाव्यात म्हणून तिने तोंड उघडलं, पण उभ्या जन्मात पहिल्यांदा तिला शब्द सापडेना. ती पुन्हा खाली बसली.

"ने तिला," शेवटी ती जिव्याला म्हणाली. "पन पयल्या बाळंतपनाला पोर हितं आली पायजे. नाय आली, तं मी येईन. चालत."

ती येईल याबद्दल अंगणात कोणालाच शंका नव्हती. इतका वेळ ताठ उभी असलेली पारू तेव्हा रडायला लागली.