काकाजींचा उजवा पाय

दसऱ्याचं सोनं आमच्या घरून आधी सुभेदार काकाजींकडे जाई, मग देवाला. माय विधवा असल्यामुळे सणाच्या दिवशी कोणाच्या दारात जात नसे. आपट्याची पानं माझ्या हातात देऊन ती सांगे, "आधी तिथं. पदकाले हात लावून नमस्कार कर."

माझे वडील पलटणीत शिपाई होते आणि काकाजी तेव्हा जमादार. उत्तरेकडच्या एका गढीच्या लढाईत वडील पडले. गोळ्या चालू असताना काकाजींनी त्यांना खांद्यावर घालून मागे आणलं. वडील वाचले नाहीत, पण त्यांच्या देहाला अग्नी मिळाला, याचं मायला फार होतं. या कामगिरीबद्दल काकाजींना पदक मिळालं, पुढे सुभेदारीही. त्याच दिवशी त्यांच्या उजव्या मांडीत गोळी लागली होती. ते लंगडत पारावर आले की लोक उठून उभे राहत.

माझं शिक्षणही त्यांनीच केलं, आधी अमरावतीला आणि मग मुंबईला. कोणी कौतुक केलं तर म्हणत, "याच्या बापाचं माह्याकडं राहिलं हाय." सगळे त्याला त्यांचा मोठेपणा समजत. अक्षर न ओळखणाऱ्या घरातला मी बी.ए. झालो, तेव्हा त्यांनी गावभर साखर वाटली.

अकोल्याला शिक्षक झाल्यावर मी त्यांचं चरित्र लिहायला घेतलं. उपकार फेडण्याची दुसरी रीत मला माहीत नव्हती. त्या लढाईतला एक म्हातारा शिपाई कापसाच्या वखारीवर पहारा करतो असं कळलं, म्हणून वही घेऊन गेलो. कापसाची तेजी उतरणीला लागली होती, तरी दारात गाड्यांची रांग होती. वडिलांचं नाव सांगताच तो गाठीवरून उठला.

"त्याचा पोट्टा? नाक तेच हाय. काय लिहून राहिला?"

मी पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. तो हसला.

"सुभेदार अजून लंगडते का?"

"हो. त्याच दिवशीची गोळी आहे ती."

"मंग मांडी फुटलेला माणूस दुसऱ्याले खांद्यावर कसा आनन रे, बी.ए.?"

इतक्या वर्षांत हे कोणीच विचारलं नव्हतं.

"तुह्या बापानं त्याले आनलं. भिंतीपाशी टेकवलं आन् तिथंच बापाले गोळी लागली. साहेब आला. इचारलं, याले तू आनलं? जमादारानं मान हलवली."

"तुम्ही बोलला नाही?"

"तो जमादार, मी शिपाई. काहून बोलू?"

त्या दसऱ्याला मी पानं घेऊन गेलो. काकाजी पदक लावून ओसरीवर बसले होते. त्यांनी सवयीनं हात पुढे केला. मी पानं दिली नाहीत.

"काकाजी, मांडी फुटल्यावर तुम्ही बाबाले कसं आणलं?"

त्यांचा हात तसाच राहिला. मग ते हळू म्हणाले, "मी तोंडानं काही बोललो नवतो. नुसती मान हलवली."

"आणि त्यानंतर? इतकी वर्षं?"

"मेलेल्याले पदक देत नाहीत रे बाबू. तुले शिकवलं ना मी? काही कमी पडू देलं?"

काहीच कमी पडू दिलं नव्हतं. ज्या इंग्रजीवर मला पोटाला मिळत होतं, तीही त्यांनीच दिलेली होती. मला ओरडायचं होतं, पण माझ्या तोंडून "नाही, काकाजी" एवढंच आलं. पानं मुठीत घेऊन मी उतरलो आणि वाटेत विहिरीत टाकली.

घरी माय देवापुढे सोनं ठेवायची थांबली होती. आधी तिथं, मग देवाला.

"आलास? पदकाले हात लावला ना?"

मी मान हलवली.