तेलासाठी वळवलेली गाडी

आमच्या घरात तेलाची एक बाटली होती. इंदापूरच्या प्रार्थनासभेतून आणलेली, चर्चच्या पाळकांनी हात ठेवून प्रार्थना केलेली. आजाऱ्याला तेल लावून देवाकडं मागावं, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. पण मी पडलो दीडशहाणा! गाईच्या कासेला लावलं, विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला लावलं, पोरीच्या परीक्षेच्या पेनालासुद्धा सोडलं नाही. बायको म्हणायची, "अवो, देवाला बी जरा काम ठेवा की." मी तिच्यावरच खेकसायचो.

एका दुपारी जनावरांना गवत कापताना तिच्या हाताला नाग चावला. फणा तिनं स्वतः बघितला. शेजारच्या आबांनी लगेच जीप काढली. बारामतीचा दवाखाना गाठायचा होता. वडगाव निंबाळकर मागं पडलं आणि मी खिसे चाचपले. बाटली घरीच राहिली होती.

"आबा, गाडी वळवा."

"का? काय इसरलं?"

"तेल. प्रार्थनेचं."

आबा खंडोबाचे भक्त. त्यांनी ब्रेक दाबला आणि माझ्याकडं वळून बघितलं. "येड लागलंय का? तुमचा देव काय बाटलीत बसतो व्हय?"

"वळवा म्हणतो ना!" मी अंगावरच गेलो त्यांच्या.

नवऱ्यापुढं शेजाऱ्याचं काय चालणार? त्यांनी गाडी वळवली. बायको चावलेला हात मांडीवर धरून बसली होती, ओठ तेवढे हलत होते.

जाण्यायेण्यात वीस मिनिटं गेली. मी तिच्या हाताला, कपाळाला तेल चोळलं. वडगाव पुन्हा मागं पडलं तेव्हा तिची जीभ जड झाली होती. मी परत चोळलं. तिच्या पापण्या मिटायला लागल्या. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, आबांचा हात हॉर्नवरून उठेना, आणि मी आपला येड्यासारखा चोळतोच आहे. तिची मान माझ्या खांद्यावर पडली तेव्हा बाटली हातातून सुटली. मला रडू फुटलं. धड प्रार्थनाही सुचेना. "देवा, माझ्याकडं काय बी न्हाय," एवढंच म्हणालो. "हिला राख."

डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते, "इतका उशीर का केला?" मी खाली मान घातली. इंजेक्शनं दिली, श्वासासाठी मशीन लावलं. दोन दिवस मी आणि आबा बाहेरच्या बाकावर बसून होतो. आबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी तिच्या घशातली नळी काढली. मी जवळ गेलो. आवाज पार बसला होता, तरी तिनं विचारलंच, "गाडी का वळवली?"

थाप मारता आली असती. पण मरणाच्या दारातून आलेल्या बाईपुढं जीभ वळेना. म्हणालो, "देव आपल्यासंगं गाडीत हाय, असं मला वाटलंच न्हाय गं."

"मला वाटत हुतं," ती म्हणाली. "मी त्याच्याशीच बोलत हुते. तुमी गाडी वळवलीत, तवा पहिल्यांदा भ्याले."