बाबांच्या कादंबरीतला वैमानिक

सत्त्याण्णव साल असेल. रविवारची सकाळ, राजारामपुरीतलं आमचं घर... आणि दारात एक अनोळखी बाई, हातात बाबांची नवी कादंबरी.

बाबा हवाई दलात पायलट होते. एकाहत्तरच्या युद्धात लढले, निवृत्त होऊन कोल्हापुरात आले आणि साहसकथा लिहायला लागले. त्यांचा हिरो कधी मरायचा नाही. विमान पडो, जंगल पेटो, शेवटच्या पानावर पठ्ठ्या घरी हजर! मी कॉलेजात होते, साहजिकच नाक मुरडायचे... पण लायब्ररीत त्या पुस्तकांना नंबर लावावा लागायचा.

बाई शिरोळहून आल्या होत्या. बाबांच्या जिवलग दोस्ताच्या, दिनकरकाकांच्या पत्नी, म्हणजे बाबांच्या वहिनी. युद्धात काकांचं विमान बाबांच्या शेजारीच उडत होतं, ते पडलं. सरकारनं काकांना मृत ठरवलं, पण देह काही मिळाला नाही. त्यामुळे वहिनींनी मंगळसूत्र उतरवलंच नव्हतं.

आणि या कादंबरीत शत्रूच्या तुरुंगातून निसटलेला एक वैमानिक होता. त्याच्या खिशात कायम भडंगाची पुडी... अगदी दिनकरकाकांसारखी.

वहिनींनी चहाला हातही लावला नाही. "भाऊजी, ह्ये आमचंच मालक हायेत. पुस्तकात लिवलासा, म्हंजे तुमास्नी काय तरी ठावं हाय. उद्या भावाला घिऊन दिल्लीला निघालोय. तुमी बी चला, सायबास्नी सांगा."

बाबा ते पुस्तक हातात घेऊन उलटसुलट करत राहिले. ते नुसते "बघू" म्हणाले असते तरी ही बाई पुढची वीस वर्षं वाट बघत बसली असती... आणि बाबांना ते म्हणायचा मोह होतोय, हे मला दिसत होतं.

शेवटी खाली मान घालून ते बोलले. "वहिनी, धुरात काही दिसलं नाही, असं तेव्हा म्हणालो ना... खोटं होतं ते. विमान जमिनीवर आदळेपर्यंत मी बघत होतो. पॅराशूट उघडलंच नाही. पण लिहायला बसलो की मला त्याला मारवत नाही."

मला बाबांचा भयंकर राग आला, आणि तितकीच दयाही.

"एवढं सांगायचं सोडून एवढी पुस्तकं लिवलासा व्हय?" वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. मग मात्र त्यांना रडू आवरेना, आई त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

त्या निघाल्या तेव्हा खरी पंचाईत झाली. सवाष्णीला हळदकुंकू लावल्याशिवाय पाठवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. आई सवयीनं करंडा घेऊन आली आणि वाटेतच थबकली... लावावं तरी चूक, न लावावं तरी चूक.

वहिनींच्या ते लक्षात आलं. पदर सावरून त्यांनी स्वतःच कपाळ पुढं केलं.

"लावा की, ताई. लई वरसं त्यांच्या नावानं लावलं... आता माझ्या नावानं लावा."

आईनं लावलं.

आता बाबाही नाहीत, आईही नाही. माझ्या दारातून जाणाऱ्या प्रत्येक बाईपुढं मी करंडा धरते, तिचा नवरा आहे की नाही, याची चौकशी न करता. काही जणी दचकतात, एखादी रडतेसुद्धा... पण कपाळ पुढं करतात. वहिनी, हे तुमच्यामुळं.