किरनापूरचा सातवा प्रश्न

गोंदियाला मोठी गाडी सोडून बालाघाटच्या छोट्या गाडीत बसले, तेव्हा पुण्याहून निघाल्याला दोन दिवस झाले होते. अरुंद रुळांवरून ही गाडी इतकी सावकाश जाते, की उतरून शेजारून चालावंसं वाटतं. खिडकीतून कोळशाची कणी डोळ्यात गेली आणि पुढचा प्रदेश मी एकाच डोळ्याने पाहिला. कापणी झालेली धानाची शेतं, त्यांतले वाळके खुंट, वर राखी आभाळ.

सत्तर सालच्या आसपासची ही गोष्ट. मी पुण्यातल्या एका इस्पितळात नर्स होते. डायबेटिसच्या रोग्यांना स्वतःच्या आजाराबद्दल किती कळतं ते विचारायचं, मग शिकवायचं, आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारून फरक पाहायचा, असं काम आमच्या डॉक्टरांनी हाती घेतलं होतं. बालाघाटच्या दवाखान्यात मराठी बोलणारे रोगी बरेच, म्हणून मला तिकडे धाडलं. प्रश्न दहा. पहिल्या फेरीत बरोबर उत्तर सांगायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

स्टेशनाजवळच्या खानावळीत भात आणि लाखोळीचं (तिकडची स्वस्त डाळ) वरण वाढताना मालकीणबाईंनी विचारलं, "सांबार टाकू का वरतून?" वरणावर आणखी सांबार कशाला, म्हणून मी नको म्हटलं. शेजारच्या ताटात पाहिलं तेव्हा कळलं, सांबार म्हणजे कोथिंबीर.

दवाखान्यातही असंच झालं. 'मधुमेह म्हणजे काय?' या पहिल्याच प्रश्नाला एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मध खाल्ल्यानं होत असन. पण मी तं कधी चाखला बी नाई, मंग मले काहून झाला?" बाकावरचे सगळे हसले. मी शून्य गुण लिहिला.

"बाई, यहाँ शक्कर की बीमारी बोलो," कंपाउंडर म्हणाला, "तब समझेंगे."

दुसऱ्या दिवशी बसने किरनापूरला गेले. यादीत तिथल्या शाळेच्या निवृत्त शिपायाचं नाव होतं. इन्सुलिन घेणारे, पण बरेच दिवस दवाखान्यात न फिरकलेले. सारवलेल्या पडवीत त्यांची बायको भागरताबाई सूप घेऊन बसली होती. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसत होती. मी नाव विचारलं.

"थे नाई आता. आखाडात गेले."

मी कागद मिटू लागले.

"बसा ना, बाई. त्यायची सुई मीच देत होती. मले विचारा."

मेलेल्या माणसाचे प्रश्न त्याच्या बायकोला विचारायचे नसतात. पण तिने सूप बाजूला सारलं होतं, म्हणून मी विचारत गेले. सुई किती वेळ उकळायची, औषधाची बाटली गार कशी ठेवायची, लघवी तपासताना नळीत विटेसारखा रंग आला तर काय समजायचं. सगळी उत्तरं बरोबर आली. बाटली ती ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची. दवाखान्यातल्या कोणालाही इतके गुण मिळाले नव्हते.

सातवा प्रश्न मी वाचून टाकला आणि मग थांबले. सुई घेतल्यावर घाम फुटला, हात कापू लागले, तर काय कराल?

तिने सूप पुन्हा जवळ ओढलं.

"त्या दिवशी लाकडं वल्ली होती," ती म्हणाली. "सकाळची सुई देल्ली, पण भात शिजतच नव्हता. त्यायले घाम सुटला. हात थरथर कापे. म्हणे, थोडासा गूळ दे वं. म्या नाई देल्ला. डबा उचलून फळीवर ठेवला. सुनेनं कागद वाचून दाखवला होता, गोड म्हणजे जहर. भात उतरला तवा थे उठतच नव्हते." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा, काय कराले पायजे होतं?"

ताकीद मला आठवली. तिच्यासमोर ती पाळणं मला जमलं नाही.

"गूळ द्यायचा होता," मी म्हटलं. "लगेच. सुई घेऊन पोटात अन्न नाही, म्हणून अंगातली साखर फार उतरली होती."

"मंग वाचले असते?"

"बहुतेक."

तो कागद हे काम सुरू होण्याआधी आमच्याच इस्पितळाने दवाखान्याला पाठवला होता. मजकूर माझा होता. तेही मी तिला सांगितलं.

तिने विचारलं, "मंग एवढं काहून नाई लिहिलं?"

रोग्यांना थोडी सूट दिली की ते मिठाईवर तुटून पडतात, असं आम्हाला वाटलं होतं. हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

तिने पदर खोचला. चार घरं सोडून एकजण सुई घेत असे, त्याच्या दारात ती मला घेऊन गेली. मला काही बोलूच दिलं नाही. त्याच्या बायकोला म्हणाली, "घाम आला का गूळ दे. नाई म्हटलं तरी तोंडात कोंब. माह्यासारखं नको करू." त्या बाईने हौ म्हणून मान हलवली आणि भागरताबाई मागे न पाहता घरी निघून गेली. बस येईपर्यंत मी रस्त्यावर उभी होते. पुन्हा तिच्या दारात जायचं धैर्य झालं नाही.

पुण्याला परतल्यावर तिचे कागद डॉक्टरांपुढे ठेवले. "रोगी हयात नाही," ते म्हणाले, "हे बाद करा." मी माझ्या हाताने त्यावर रेघ ओढली.

नव्या पत्रकात घाम आणि गुळाचं वाक्य सगळ्यात वर, ठळक अक्षरात छापून घेतलं. जुनी पत्रकं मात्र परत मागवता येणार नव्हती. ती किती गावांत पोचली, कोणत्या घरात जपून ठेवली आहेत, कोणती सून आज कोणाला वाचून दाखवते आहे, ते मला माहीत नाही.