गळतीखालचं जिरेनियम

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन धुळ्याला परतले, ती मांडीवर जिरेनियमची कुंडी घेऊन. माझे वडील नाशिकला सरकारी बंगल्यांच्या बागा बघत. तांबड्या फुलांचे झुबके आणि पान चुरगळलं की बोटांना लागणारा उग्र वास, यांतच मी लहानाची मोठी झाले. आगगाडीत बाया माझ्याकडे टकामका बघत होत्या. बघेनात का, मी कुंडी खाली ठेवली नाही.

माझ्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणत, मीही तेच म्हणे. अक्कांनी त्याला मडमेचं झाड असं नाव ठेवलं आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, सुनेनं सोनं नाही आणलं, गवत आणलं. मला हवा होता अंगणातला पूर्वेचा कोपरा. तिथं सकाळचं कोवळं ऊन येई आणि दुपारी भिंतीची सावली पडे. पण तिथं अक्कांच्या गोवऱ्यांची रास होती. त्या भरल्या घरात माझी म्हणावी अशी वीतभर जागा नव्हती, म्हणून मी हट्टच धरला. शेवटी अक्का म्हणाल्या, "मिरगलोंग हाई झाड जगनं ते कोपरा तुना. मरनं ते मना."

मृग लागेपर्यंत म्हणजे अख्खा उन्हाळा. मीही हट्टाला पेटले. चैत्र पार पडला. माती बोटभर खोल कोरडी झाल्याशिवाय मी पाणी घालत नसे, सुकली पानं खुडून टाकी. झाड फुलणं थांबलं, पण टिकलं. मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला खान्देशात सासुरवाशीण माहेरी जायची, तशी मीही गेले. जाताना अक्कांना हात जोडून सांगितलं की झाडाकडे बघूसुद्धा नका.

अक्कांनी बघितलं. वैशाखात आमच्याकडे तुळशीवर गळती टांगतात. बुडाला भोक पाडलेलं मडकं, त्यातून दिवसरात्र थेंब थेंब पाणी. तहानलेल्याला पाणी देण्यासारखं पुण्य नाही, असा अक्कांचा पक्का समज. पैज स्वतःची असूनही दारातलं झाड तहानेलं राहावं हे त्यांना बघवेना. त्यांनी माझ्या कुंडीवरही गळती टांगली. मी परत आले तेव्हा माती चिखल झाली होती आणि खोड बुडापासून काळंठिक्कर पडलं होतं. अक्का कौतुकानं उभ्या होत्या, शाबासकीची वाट बघत. मला संताप आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही गिळावं लागलं. पाणी घालणाऱ्या बाईशी भांडायचं तरी कोणत्या तोंडानं?

वैशाख सरण्याआधी गळती उतरवली तर नेम मोडतो. तो मी मोडला नाही. शेंड्याकडचे जे काही हिरवे तुकडे उरले होते ते खुडले आणि गळती मेल्या खोडावर ठिबकत राहू दिली. तुकडे सावलीत ठेवून त्यांची तोंडं सुकू दिली, मग पांझरा नदीच्या वाळूत, मातीच्या पसरट परळात लावले आणि परळ कोपऱ्यात, गोवऱ्यांच्या आडोशाला ठेवलं. पाणी म्हणाल तर वाळू ओलसर राहील एवढंच. तुकडे माना टाकून पडले. शेजारच्या काकू रोज येऊन हळहळत. ऐन वैशाखात झाडाला तहानेनं मारणारी सून त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती म्हणे, आणि हे त्यांनी गल्लीभर सांगितलं. अक्का मात्र येता-जाता परळाशी थांबायच्या.

ज्येष्ठ लागला. ऊन उतरणीला लागलं, पण झळा तशाच. एके सकाळी एका तुकड्याची मान वर दिसली. मग दुसऱ्याची. पुढं नखाएवढी नवी पानं फुटली, कडेला दातेरी, मऊसूत. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले आणि त्या दिवशी भाकरी करपवल्या.

मृगाच्या दिवशी काकू निकाल ऐकायलाच आल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: नाशिकहून आलं ते झाड मेलं, सून हरली. बोलता बोलता त्यांची नजर परळाकडे गेली. एवढी कोवळी पानं आणि वाळू ही अशी कोरडी! त्यांनी चुकचुकत हातातला तांब्या तिरपा केला. मी ओसरीवरून धावणार तोच अक्कांनी काकूंचं मनगट धरलं.

"पानी नको टाकू," त्या म्हणाल्या. "मना सूननं झाड शे. तिले इचार."

काकू तांब्या घेऊन निघून गेल्या. अक्कांनी पदर खोचला, पाटी आणली आणि गोवऱ्या भरायला लागल्या. मी मदतीला वाकले तर मला म्हणाल्या, तू कुंड्या कुठं ठेवायच्या ते बघ.