दिवस मावळायच्या आतलं औषध

पाणी गाळायचं काम अर्ध्यावर टाकून विजयमाला उठली. हंड्याच्या तोंडावर दुपदरी फडकं तसंच राहिलं. मार्गशीर्षातला दिवस, पाच वाजले की आष्ट्यात उन्हं कलायला लागतात. आणि तिचे मालक जयपालअण्णा सूर्य बुडाल्यावर पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. एकोणीस वर्षांचं व्रत. म्हणून त्या घरातलं प्रत्येक औषध दिवस मावळायच्या आत पोटात जायचं, आणि ती वेळ सांभाळायची विजयमालेनं.

त्या दिवशीचं औषध नवं होतं. करंगळीएवढी काचेची नळी, आत सोनेरी, घट्ट तेल. एकुलता एक मुलगा भरतेश बंगळुरूला कंपनीत. तो दिवाळीला आला तेव्हा त्याचे कपडे धुवायला काढताना ती बॅगेत दिसली होती.

"हे काय रं?"

"काय न्हाई आई. वनस्पतीचा अर्क हाय. दुखण्यावर."

"मध न्हाई ना त्यात?"

"न्हाई गं. मध कुठला!"

जैनाच्या घरात मध चालत नाही, म्हणून तिनं तेवढंच विचारलं. कसली वनस्पती, घ्यायचं कसं, हे विचारायचं सुचलंच नाही. जाताना नळी कपाटावर राहिली. तिला वाटलं, बापाच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी मुद्दाम ठेवून गेला. बोलत नाही पोरगं, पण माया आहे.

तांदळाच्या दाण्याएवढं तेल तिनं तूप लावलेल्या चपातीच्या तुकड्यावर घेतलं.

"आवं, आ करा."

"कसला वास येतोय गं ह्याला?"

"औषध हाय ते, बासुंदी न्हाई."

पावणेसहाला तिनं विचारलं, "काय फरक?"

अण्णा म्हणाले, "गुडघा हाय तितंच हाय, मी बी हाय तितंच हाय."

पलीकडं उसाच्या शेंड्यांना सूर्य टेकत आला होता. कमी पडलं असणार, असं तिला वाटलं. आणि आता नाही दिलं तर उद्यावर गेलं. तिनं घाईघाईनं पहिल्याच्या दुप्पट दिलं. दुसऱ्या कुणाच्या घरी असतं तर ती बाई म्हणाली असती, जेवणानंतर बघू. विजयमालेला ती मुभा नव्हती.

पावणेसात झाले असतील. अण्णा छताकडं बघून खुदुखुदू हसायला लागले.

"अगं, ह्यो पंखा मला वळखतोय."

लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, हा माणूस असा कधी हसला नव्हता. तीही हसली. ते हसणं तिला अजून टोचतं. कारण पाचच मिनिटांत त्यांचा चेहरा पांढरा पडला. "तोंड वाळलं गं... छाती लय पळतीया." उठायला गेले आणि कपाळ चौकटीवर आपटलं. मग उलटी. बोलणं जड, एक शब्द दुसऱ्यात अडकलेला.

शेजारचा कोंडीबा जीप घेऊन आला. "अण्णा, पूजेतबी तुमी असं कधी डुलला न्हाईसा," असं म्हणत आत शिरला आणि कपाळावरचं रक्त बघून त्यांना उचलायला वाकला.

सांगलीच्या वाटेवर तिनं भरतेशला फोन लावला.

"किती दिलंस आई?"

"दोनदा."

तो म्हणाला, "ते गिळायचं नसतंय गं. बॅटरीच्या पेनमध्ये भरून सिगारेटसारखं ओढत्यात. गांजाचं तेल हाय ते." त्याचा आवाज फाटला. "डॉक्टरला सांगू नको. पोलीस येतील. माझी नोकरी जाईल."

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय खाल्लं होतं? नवीन औषध काही?"

"न्हाई. रोजच्या बीपीच्या गोळ्या," विजयमाला म्हणाली. सोललेला वाटाणासुद्धा तपासून घेणारी बाई ती, अळी असेल म्हणून. तोंडातनं खोटं मात्र सहज निघालं.

अर्ध्या तासानं बाई कागद घेऊन आल्या. "बोलणं जड आहे, तोल गेलाय. लकव्याचा झटका वाटतोय. डोक्याचा स्कॅन करतोय. गरज वाटली तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यावं लागेल. त्यात रक्तस्रावाचा धोका असतो, आणि यांच्या कपाळाला मार आहे. सही करा."

पेन हातात आलं. एका बाजूला पोराची नोकरी, दुसऱ्या बाजूला हा खाटेवर पडलेला माणूस, तोही तिच्याच हातचं खाऊन.

"बाई, मी खोटं बोलले. नवं औषध दिलंय मी. गांजाचं तेल हाय म्हणं."

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, अर्धा तास गेला की! पोलिसांचं नंतर बघू, आधी माणूस." मग त्यांनी समजावून सांगितलं. ओढलं तर मिनिटांत कळतं. गिळलेलं चढायला दोन-दोन तास घेतं आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत उतरत नाही. "काहीच होत नाही म्हणून तुम्ही परत दिलंत, तिथंच घात झाला. साधा पाला नव्हे हा, त्याचं काढलेलं सत्त्व आहे, कितीतरी पट तेज. वर त्यात आणखी काय मिसळलंय, कोण सांगणार? त्यात यांचं वय, बीपीच्या गोळ्या. याला उतारा नाही. ठोक्यांवर नजर ठेवायची, सलाईन लावायचं, उलटी छातीत जाऊ द्यायची नाही, आणि वाट बघायची."

स्कॅन चांगला आला. इंजेक्शन टळलं. उलट्या थांबल्यावर अण्णा "पाणी, पाणी" करायला लागले. बाहेर केव्हाच अंधार पडलेला. नर्स म्हणाली, चमच्यानं थोडं द्या. विजयमालेनं दिलं. चार चमचे.

तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "मी अंधारात पाणी प्यालो व्हय?"

"व्हय."

"मागितलं कुणी?"

"तुमीच."

"आन् दिलं?"

"मी."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी तिनं आठवण करायच्या आधीच त्यांनी आपला तांब्या धुऊन पालथा घातला. गुडघा पहिल्यासारखाच दुखत होता.

भरतेशचा फोन आला, रडत होता. ती म्हणाली, "शनिवारी ये. अण्णांना तूच सांग काय होतं ते. मी न्हाई सांगायची." नळी कोंडीबानं आदल्या दिवशीच डॉक्टरीणबाईंकडं पोचवली होती.

सकाळी तिनं परत हंडा घेतला, फडकं धुऊन दुपदरी केलं आणि पाणी गाळायला बसली. थेंब न् थेंब गाळतो आपण, तिला वाटलं, आणि त्या नळीला एक प्रश्न विचारला, तोही मधाचा.

हंडा भरला. तिनं तो झाकला, डोक्यावर पदर घेतला आणि मंदिरात मुक्कामाला आलेल्या साध्वी माताजींकडं प्रायश्चित्त विचारायला निघाली.