किल्लीच्या आधी दूध

“आधी ॲडव्हान्स, मग किल्ली. बेंगळुरात असंच चालतंय, आक्का,” बाबूअण्णा म्हणाले आणि बंद शटरला पाठ लावून उभे राहिले.

मी साड्यांना कुच्चू बांधते. कुच्चू म्हणजे पदराच्या टोकाला लावायचे रेशमी गोंडे. लग्नाच्या दिवसांत घरात साड्यांचा ढीग पडतो. गिऱ्हाईक पलंगावर येऊन बसते आणि घरची माणसे स्वयंपाकघरात अडकून पडतात. म्हणून जे. पी. नगरच्या मागच्या रस्त्यावरचे हे छोटे दुकान भाड्याने घ्यायचे ठरवले. बाबूअण्णा ब्रोकर. बेळगावकडचे, मराठी बोलतात. तेवढ्यावर आम्ही त्यांना घरचे समजलो होतो.

इथे भाडे सुरू होण्याआधीच बरेच काही द्यावे लागते. ॲडव्हान्स म्हणजे कित्येक महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम. दुकान सोडताना ती परत मिळते. ब्रोकरचे कमिशन परत मिळत नाही. बाबूअण्णांनी त्यात आणखी एक घातले होते, फिटिंगचे पैसे. आतल्या लाकडी रॅक आणि काचेच्या कपाटासाठी. तेही परत न मिळणारे. माझ्याकडे चीटीचे पैसे होते. चीटी म्हणजे आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी. माझी पाळी उचलून झाली होती. हे पैसे बुडाले तर दुकानही नाही आणि हातात काही नाही.

बाबूअण्णा दर वेळी दुपारीच बोलवत, आणि दुकान आम्ही आतून फक्त त्यांच्या फोनमध्ये पाहिले होते. मी तर दुसऱ्याची साडीसुद्धा उजेडात उलगडून पाहिल्याशिवाय हातात घेत नाही.

बोलायला थोरली जाऊ रत्नक्का बरोबर होती. अनोळखी माणसापुढे माझे तोंड उघडत नाही.

“एकदा आत बघू तरी द्या,” रत्नक्का म्हणाली.

“फोटो दावला की. भिंत काय पळून जातीय?”

“भिंत नाही जात. माणसं जातात.”

बाबूअण्णा हसले, पण शटर सोडून हलले नाहीत. “आज दिला नाही तर संध्याकाळी मोबाईलवाली पार्टी येणार हाय. मग मला बोल लावू नका.”

मी खाली मान घालून उभी होते, म्हणून मला पायरी दिसत होती. पायरीच्या कोपऱ्यात कापडाच्या ताज्या चिंध्या होत्या. शटरचे कुलूपही चकचकीत होते. दुकान खूप दिवस रिकामे पडले आहे असे बाबूअण्णा सांगत होते. बंद दुकानाच्या कुलपावर धूळ बसते. आणि किल्लीचा विषय निघाला की त्यांचा हात एकदाही खिशाकडे जात नव्हता.

तुमचा भरवसा वाटत नाही, असे मला तोंडावर म्हणता येईना. तोंडातून निघाले ते वेगळेच. “आमच्यात आधी जागेत दूध उतू घालतात. मगच पैसे.”

नव्या जागेत दूध उतू घालतात हे खरे. पैशाचे मी तिथेच जोडले. रत्नक्काने माझ्याकडे पाहिले आणि लगेच म्हणाली, “हो, सासूबाईंचा नेमच आहे.” सासूबाईंना असा नेम माहीतही नव्हता.

दुधाला नाही म्हणणारा माणूस या गावात मिळायचा नाही. “सरी, सरी. शुक्रवारी बघूया,” बाबूअण्णा म्हणाले. त्यांचे तोंड उतरले होते.

शुक्रवारी सकाळी आम्ही स्टोव्ह, पातेले आणि दूध घेऊन गेलो. बाबूअण्णा नव्हते. फोनवर म्हणाले, मारतहळ्ळीला ट्रॅफिकमध्ये अडकलोय. आम्ही पायरीवर पातेले धरून उभ्या. येणारे-जाणारे बघत होते. मला घरी पळून जावेसे वाटले.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले. कन्नडमध्ये विचारले, “इथे काय करताय, अम्मा?”

“दूध उकळायचंय,” रत्नक्का म्हणाली.

“माझ्या दुकानात?”

त्यांनी कमरेची किल्ली काढून शटर वर केले. आत शिलाई मशीन होते. यल्लप्पा त्यांचे नाव, टेलर. दुकान सोडायचे म्हणून पाटी काढलेली, पण ॲडव्हान्स परत मिळेपर्यंत किल्ली देणार नव्हते. दुपारी ते जेवायला घरी जात. बाबूअण्णा आम्हाला नेहमी दुपारीच का बोलावत होते, ते तेव्हा कळले.

“आणि या रॅक?” मी विचारले. माझाच आवाज मला परका वाटला.

“त्या माझ्या. होसकोट्याला मुलाकडे नेणार.”

वर राहणाऱ्या मालकीणबाई, जयम्मा, खाली आल्या. नव्या भाडेकरूचा ॲडव्हान्स आला की त्या यल्लप्पांचा देणार होत्या. इथे बरेच जण तसेच करतात. त्यात काही खोट नव्हती. पण फिटिंगचे नाव काढताच त्या म्हणाल्या, “कसली फिटिंग? मी भिंती आणि शटर देते.”

स्टोव्ह पेटल्यावर बाबूअण्णा पोचले. सगळ्यांना एकत्र पाहून दारातच थबकले. “फिटिंगचं मी स्वल्प समजावून सांगणार होतो, आक्का.”

“सांगा की,” रत्नक्का म्हणाली. “दूध तापायला वेळ आहे.”



पैसे मी जयम्मांच्या हातात दिले, त्यांनी तिथेच यल्लप्पांना दिले आणि यल्लप्पांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. कमिशन ठरल्याप्रमाणे बाबूअण्णांना दिले, कारण दुकान त्यांनीच शोधले होते. फिटिंगचे काही दिले नाही. या सगळ्यात दूध कोणत्या बाजूला उतू गेले ते कोणी पाहिले नाही. पातेले मात्र करपले.

यल्लप्पा भला माणूस. तरी त्यांनी सामान हलवले त्या संध्याकाळी मी कुलूप बदलले.

दुकान घ्यायचे असेल तर पैसे सोडण्याआधी किल्ली कोणाच्या कमरेला आहे ते पाहावे. विचारायला लाज वाटत असेल तर दूध उकळायचे आहे म्हणावे.